दुपट्ट्याखालचा माऊस

माझे सासरे कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर पांघरतात, तो झाकलेला हात भाजीवाल्यापुढे धरतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांच्या गावी, वरवट बकालला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुलढाण्याच्या भाजीबाजारात ठाऊक नव्हतं. भाजीवाला आधी दचकला, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बुवाच्या हाताले काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, भाव करून राह्यले." त्याला ते काही पटलं नाही. तेव्हापासून मी दिसलो की तो न विचारता पिशवीत कोथिंबीर टाकतो आणि दयाळूपणे हसतो.

यात मामाजींचा दोष नाही. (सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात.) त्यांचा सगळा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही, ही तिथली रीत. दलाल दुपट्टा टाकून आधी मालकाचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. आत बोटं धरायची, दाबायची, सोडायची, पुन्हा धरायची. बाहेर उभ्या असलेल्या मंडळींना फक्त दोन निर्विकार चेहरे दिसतात. हात सुटला की सौदा मोडला. हात धरलेला आहे तोवर सौदा चालू. सौदा पटला की चहा, आणि चहा झाला की दलालाने बाजारात रेंगाळायचं नाही.

या चहाचं मामाजींना फार. एरवी हा माणूस इतका चहाबाज, की बशीतला चहा संपला तरी बशी थोडा वेळ नाकाशी धरून ठेवतो. पण सौदा चालू असला की चहा बंद. बाजारात बंद, घरी बंद, आजारी पडले तरी बंद. "चहा पेला का मानूस ढिला पडते," असं त्यांचं शास्त्र आहे.

मलाही त्यांनी असंच पाहिलं होतं. आम्ही गेलो होतो मुलगी पाहायला, पण पाहणी झाली माझी. पोहे संपल्यावर मामाजी माझ्याजवळ सरकले, माझ्या हातावर दुपट्टा टाकला आणि आतून माझा पंजा धरला. मला वाटलं, देण्याघेण्याची काही भानगड आहे. मी वडिलांकडे पाहिलं, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं, गप बस. मामाजींनी बराच वेळ माझी बोटं दाबली, मनगट फिरवलं आणि मग सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हात नरम हाये. नांगराच्या कामाचा नाही. पन पकड सोडत नाही." खरं सांगतो, भीतीने माझी बोटं आखडली होती. सोडायची म्हटली असती तरी सुटली नसती. त्या आखडलेल्या बोटांवर माझं लग्न झालं आणि वनितासारखी बायको मिळाली.

सासूबाई गेल्या तेव्हापासून मामाजी वरवटला एकटे आहेत. वावरात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजारात दलालाला कोणी हाक मारेनासं झालं. सकाळी खिचडी टाकायची, तीच रात्री खायची. मागच्या उन्हाळ्यात ओसरीवर चक्कर येऊन पडले, ते शेजाऱ्यांना दुपारी कळलं. तेव्हापासून वनिताचा एकच धोशा, बाबांना इथे बुलढाण्याला आणायचं, कायमचं. बाबा येत. पण आल्या आल्या त्यांची कापडी पिशवी आमच्या दारामागच्या खुंटीला टांगत. खाली ठेवली की मुक्काम वाढतो म्हणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पिशवीकडे पाहायला लागत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर.

"बाबा, राहा ना वो. अथी काय कमी हाये?" वनिता म्हणायची.

"कमी काही नाही, वने. कामच नाही. लेकीच्या घरी बापानं कामाशिवाय राहू नये. लोक पुसतात, काऊन थांबला?"

का थांबला असं लोक कोणीही पुसत नव्हते. पण मामाजींच्या कानावर ते लोक सतत पुसत असायचे, त्याला आम्ही काय करणार?

आता माझं सांगतो. मी लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. लोक मला इंजिनिअर साहेब म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही. लॅपटॉप पाठीवर मारून गावोगाव हिंडायचं, कुणाच्या तरी ओसरीत बाजेवर बसायचं, आणि मालक, मालकीण आणि मालकाचा मोठा भाऊ यांच्या भांडणातून स्वयंपाकघराची दिशा ठरवायची, हा माझा धंदा. त्याला माऊस लागतो. माझ्याकडे चांगला होता. डोणगावला एका बाजेवर मी त्याच्यावर बसलो. बाजेचा काही दोष नव्हता, माऊसचाही नव्हता. माझं वजन मी इथे सांगणार नाही.

माऊस गेल्यावर मी लॅपटॉपच्या टचपॅडवर बोटाने काम करायला लागलो. भिंत सरळ ओढायला घ्यावी, तर शेवटच्या टोकाला बोट घसरायचं आणि भिंत शेजाऱ्याच्या अंगणात जायची. त्या डोणगावच्याच मालकाने छापलेला नकाशा हातात घेऊन मला विचारलं, "साहेब, देवघर न्हानीघरात काऊन टाकलं? देवाले रोज आंघोळ लागते म्हनून काय?" मनगट दुखायला लागलं ते वेगळंच. रात्री वनिता तेल चोळून द्यायची आणि चोळता चोळता बोलायची.

मग नवा माऊस का घेतला नाही? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून विचारताय. मला कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे तापच येतो. रात्र रात्र मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचत बसतो. एक जण लिहितो, हा माऊस म्हणजे स्वर्ग. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, आठवड्यात मेला. मग मी त्या दोघांपैकी खरा कोण याचा विचार करत झोपून जातो. छोटा घ्यावा तर हात अवघडतो, मोठा घ्यावा तर बॅगेत मावत नाही, वायरचा घ्यावा तर बाजेच्या सुंभात अडकतो, बिनवायरचा घ्यावा तर ऐन वेळी त्याचा सेल संपतो. आमच्या घराला रंग कोणता द्यावा याचा विचार मी अजून करतोय आणि घर बांधून झालं त्याला आमचं लग्न जेवढं जुनं तेवढी वर्षं झाली. लोकांना सांगायला मी इंजिनिअर!

तर मामाजी असेच एकदा आले होते. पिशवी खुंटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपवर झटापट करत होतो आणि ते शेजारच्या खुर्चीत बसून पाहत होते.

"बापू, भिंत वाकडी चालली."

"हो मामाजी."

"आता रस्त्यावर गेली."

"दिसतंय मला."

"बोटानं काऊन ओढून राह्यले? याले काही अवजार नसते काय?"

मी सांगितलं, माऊस नावाची वस्तू असते, तळहाताखाली धरायची, ती सरकवली की इथे हे सरकतं. माझी होती, ती गेली. नवी घ्यायची आहे, पण पसंत पडत नाही. एवढं म्हणेपर्यंत मामाजी खुर्चीत सरळ झाले होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

"तळहाताखाली? मंग पसंत कराले तुमी काऊन जाता? डोयानं पाहाल तं फसाल. हातानं पाह्याचं काम आपलं." आणि आत वळून ओरडले, "वने, माहा चहा ठेवू नको व. सौदा सुरू झाला."

बसस्टँडजवळ इरफानभाईंचं दुकान आहे. लॅपटॉपच्या वस्तू, मोबाईलच्या काचा, चार्जर, सगळं मिळतं. माणूस शांत आहे. मामाजी स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जेवढे असतील तेवढे सोडा बाहेर." इरफानभाईंनी माऊस काउंटरवर मांडले. मामाजींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुपट्टा हातावर टाकला, डोळे मिटले आणि एकेका माऊसवर पंजा ठेवत गेले.

"याची पाठ बसली हाये. खायले देत नाही काय?"

"चाचा, ये स्लिम मॉडेल है. बॅगेत बसते."

"याचे डोये रातच्याले चमकत असतील."

"ये पोरं गेम खेलते ना, उनके लिये. लाइट लागते यात."

"बिबट्या हाये. घरात नको. आन हे? हे तं वासरू हाये, आईपासून कवा तोडलं? हे लय तोंड वाजवते, मालकाले झोपू नाही देणार."

एक बरा लागला हाताला. इरफानभाई म्हणाले, एकदा चार्ज केला की महिनाभर पाहायला नको. मामाजींनी डोळे उघडले. "महिनाभर खात नाही? जे जनावर महिनाभर खात नाही थे जनावर नाही, देव हाये. देवाले कामाले नाही जुंपत." तरी त्यांनी तो घेतला आणि काउंटरच्या काचेवर सरकवला. काउंटरवर उघडून ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपवरचा बाण जागचा हलला नाही.

"काचेवर पाय धरत नाही. खोड हाये."

"चाचा, काच पे तो नहीं चलता. बाकी कुठंबी चलावा."

"जवायाच्या घरी काचेचा टीपॉय हाये."

मी त्या टीपॉयवर आजवर कधी काम केलं नव्हतं, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. पण हे सांगायची ही वेळ नव्हती. इरफानभाईंनी तोवर चहा मागवला होता. "चहा सौद्यानंतर," मामाजी म्हणाले. त्यांचाही चहा मी प्यालो. पुढचे सगळे दिवस या दुकानात मी दोन-दोन चहा पीत होतो आणि रात्री पित्ताची गोळी घेत होतो.

इरफानभाईंच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने आम्हाला हाकलून दिलं असतं. पण निघताना मामाजींनी दुपट्टा पुढे केला, तसा इरफानभाईंनी सवयीने आत हात घातला आणि हसले. त्यांचे वडील बाजारात बैलांचा साज विकायचे, घुंगरं, गोंडे, कासरे. लहानपणी दुकानात बसून त्यांनी हे दुपट्ट्याखालचे व्यवहार पाहिले होते. आत काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नाही. एवढं कळलं, की माऊस जुंपून पाहायला घरी न्यायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर आणून द्यायचा. बैल असाच नेतात.

मग आमच्या घरात जुंपणी सुरू झाली. सकाळी मी काम करायचं आणि मामाजींनी शेजारी बसून माझ्या पंजाकडे पाहायचं. दुपारी जेवायला उठलो की, "आधी जनावर सोडा, मंग जेवा," म्हणून माऊसचं बटण बंद करायला लावायचे. उन्हं खिडकीतून आत आली की माऊस सावलीत सरकवायचा. मी सरकवत होतो. मला दोन दिवसांनी अशी सवय लागली की मामाजी अंघोळीला गेलेले असतानाही मी तो सावलीत सरकवला आणि मग स्वतःलाच विचारलं, बाबा रे, तू शिकलास कुठे?

संध्याकाळी निकाल लागायचा. एकाचा डावा खुबा उंच होता. दुसरा वळताना अंग चोरत होता. तिसऱ्याच्या पोटाला हात लावला की तो गार लागत होता, आणि गार पोटाचं जनावर दगा देतं. प्रत्येक वेळी इरफानभाई माऊस परत घ्यायचे, पुसून डबीत ठेवायचे आणि म्हणायचे, "चाचा, अकोल्याहून नवा माल येऊन राह्यला. दोन दिन रुको."

मामाजी रुकत होते. आठवडा गेला, पंधरवडा गेला. पिशवी खुंटीलाच होती, पण तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं नाही. ते वनिताच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, ती वडिलांसाठी पातोड्यांचा रस्सा करत होती. मी मनगट चोळत म्हणालो, "आज आणलेला बरा वाटतोय बरं का. घेऊनच टाकतो."

ती पळी हातात घेऊन वळली. "खबरदार पसंत केला तं!"

"अगं, पण माझा हात..."

"तुमाले आजपर्यंत कवा काही पसंत पडलं? भिताडाचा रंग पसंत पडला? मंग आताच काऊन घाई होऊन राह्यली? सौदा झाला का बाबा चहा पेतीन आन स्टँडवर जातीन. तथी एकटे पडून राह्यले तं कोन पाह्यल त्याईले?" तिचे डोळे भरून आले होते. "चालू राहू द्या ना सौदा. मी रोज तेल चोळून देईन."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धरसोडीची घरात कोणाला तरी गरज पडली होती. मी छाती थोडी पुढे काढून बाहेर आलो आणि मामाजींना म्हणालो, "मामाजी, याचा उजवा कान जरा लहान वाटतो मला." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आता तुमाले कळाले लागलं."

त्याच दिवसांत मी त्यांना वडनेर भोलजीला घेऊन गेलो. माऊसची बाजेवर परीक्षा घ्यायची होती. मी ओसरीत मालकाशी डोकं लावत बसलो आणि मामाजी पाच मिनिटांत गोठ्यात गेले. तिथे एक म्हातारा बैल होता, शिंगं झिजलेली, पाठीचा कणा वर आलेला. मामाजी त्याच्या मानेखाली खाजवत बसले, ते माझं काम संपेपर्यंत.

मालक म्हणाला, "याले कोनी घेत नाही आता. आमी बी इकत नाही. राहू द्या म्हनलं दारात."

"दारात ठेवा, पन काही काम देत जा," मामाजी म्हणाले. "पान्याची टाकी ओढू द्या, काय बी करू द्या. बसून खायले जनावराले बी लाज वाटते, भाऊ."

परतताना बसमध्ये त्यांचं ते वाक्य मला आठवलं. मला वाटलं, बैलाचंच बोलले. मी खिडकीशी बसून माऊसला दुसरी कोणती खोड काढता येईल याचा विचार करत होतो. आता बोला.

आणि मग अकोल्याचा माल आला.

इरफानभाईंनी नवी डबी उघडली. मामाजींनी दुपट्टा टाकला, डोळे मिटले, पंजा ठेवला. एरवी पंजा टेकतो न टेकतो तोच खोड बाहेर पडायची. या वेळी काहीच आलं नाही. त्यांनी माऊस धोतरावर चालवला, गोणपाटावर चालवला, माझ्या मांडीवर चालवला. मग काचेवर ठेवला. बाण सुळकन सरकला. इरफानभाई म्हणाले, "चाचा, ये काच पे भी चलता है. तुमच्यासाठीच मंगवला."

मामाजींनी माझा हात धरून त्या माऊसवर ठेवला. काय सांगू? माझी बोटं कुठे जावीत ते त्याला आधीच माहीत होतं. मनगट सैल पडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही दुखलं नाही. माझा चेहरा फार बोलका आहे, ही माझी दुसरी खोड. मी घाईघाईने तोंड वाकडं केलं, पण उशीर झाला होता.

मामाजी थोडा वेळ दुपट्ट्याच्या काठाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "इरफानभाई, चहा सांगा."

इरफानभाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी बिस्किटंही मागवली. मामाजींनी बशीत चहा ओतला. इतक्या दिवसांनी चहा, मला वाटलं मिटक्या मारून पितील. त्यांनी तो औषधासारखा प्यायला आणि बशी लगेच खाली ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी दारामागची पिशवी काढली. दांडीवरचं धोतर घडी करून आत ठेवलं, दाढीचं सामान ठेवलं. "सकायच्या गाडीनं निघतो, वने. झालं बापूचं काम."

वनिताने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन गॅसवर चहा ठेवला. सौदा झालाच होता, आता चहाला हरकत नव्हती. आतून भांडी जरा जास्तच वाजत होती.

मी उभा राहिलो. "मामाजी, मला हा माऊस पसंत नाही."

"काऊन?"

"रंग काळा आहे."

"काया रंग तुमीच मांगला होता."

"चालताना डावीकडे झुकतो."

"थो नाही झुकत. तुमी झुकता."

"त्याला... त्याला शेपूट नाही."

"बिनशेपटीचाच तं सौदा होता, बापू!" मामाजी हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. "तुमाले लबाडी जमत नाही. उजवा कान लहान म्हने! माऊसले कान असते काय? म्या तवाच वयखलं, वनीनं शिकोलं तुमाले."

मी माऊस उचलून उगाचच पुसायला लागलो.

"मले बी जमत नाही," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "थो गार पोटाचा होता ना, त्याच्यात खोड नोती. अंग चोरनारा होता, थो बी चांगला होता. एवढी जिंदगी गेली बाजारात, चांगल्या जनावराले कवा खोड लावली नाही म्या. अथी येऊन लावली. लेकीच्या घरी राह्याले काही काम पाह्यजे ना, बापू. तथी घरात गेलं का भिताडं खायले येतात. बोलाले मानूस नाही. अथी सकायी उठलं का कोनी म्हने, मामाजी, पाहा बरं हात लावून." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "पन आजच्याले हात आयकेना. आजच्याले लबाडी केली असती तं मंग माह्यापाशी राह्यलंच काय?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती.

मला वेळेवर बोलायला सुचत नाही. वाक्य सुचतं ते दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना. त्यामुळे मी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या उजव्या हातावर टाकला, त्यांच्या शेजारी बसलो आणि हात पुढे केला.

"आता कायचा सौदा?" मामाजी म्हणाले.

"घाला तर आत."

त्यांनी हात घातला. मला बोटांची ती भाषा येत नाही. कोणतं बोट धरलं की किती, कसं दाबलं की काय, काही माहीत नाही. मी त्यांचा सगळा पंजाच धरला, जेवढा मावला तेवढा. तळहात खरखरीत होता.

"बापू, असा कोनी धरते काय? याचा अर्थ काही होत नाही."

"मला एवढंच येतं."

"मालकीन राजी हाये काय?"

"तिनेच तर दलाल नेमलाय मला."

"नरम दलाल हाये," ते म्हणाले. त्यांनी हात ओढून पाहिला. मी सोडला नाही. या वेळी माझी बोटं आखडली नव्हती. त्यांनी पुन्हा ओढून पाहिला, पण आता फारसा जोर नव्हता त्यात, आणि मग त्यांची बोटं आतल्या आत माझ्या बोटांवर मिटली. मांडीवरची पिशवी घसरून खाली फरशीवर पडली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

वनिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पदराने डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीचा निर्विकार चेहरा केला. "वने, माह्यासाठी चहा नको व," ते म्हणाले. "सौदा चालू हाये."

तिने ट्रे माझ्यापुढे ठेवला. दोन्ही कप मीच प्यालो, डाव्या हाताने.